जुना ड्रायर पुन्हा चालू करताना : चिपळूणमधील दुरुस्तीच्या नोंदी

३१ मे २०२५, शनिवार

यंदा मॉन्सून २५ मे रोजीच कोकणात दाखल झाला, त्यामुळे मेअखेरीस धुऊन, कडक उन्हात घालून पेटीत ठेवायच्या गोधड्या आणि चादरी राहिल्या त्या राहिल्याच. त्यातच लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, आणि बाळाची दुपटी, झबली व लंगोट पडवीतल्या दोरीवर दोन-दोन दिवस ठेवूनही हाताला सर्द लागतात. इस्त्री फिरवून वाळवलेल्या दुपट्याची शिवण आतून ओलीच राहते आणि संध्याकाळपर्यंत त्याला कुबट वास येऊ लागतो. म्हणून आज एक वापरलेला, बंद पडलेला ड्रायर पाच हजार रुपयांना घेतला.

यंत्र पुढून कपडे घालण्याचे, साडेपाच किलो क्षमतेचे आणि दमट हवा नळीवाटे बाहेर टाकणाऱ्या प्रकारचे आहे. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि एकूण २१५० वॉट असे छापलेले असून त्यांपैकी २००० वॉट एकट्या हीटरचे आहेत. विकणारे कुटुंब पुण्यास स्थलांतर करीत आहे. त्यांनी तक्रार स्पष्टपणे सांगितली : बटण फिरवल्यावर नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येतो, ड्रम फिरत नाही आणि हवाही तापत नाही. एका मेकॅनिकने पाहून ‘कॉइल गेली’ असे निदान केले होते.

चिपळुणात वापरलेले विजेचे उपकरण घेताना एक गोष्ट आधी पाहावीच लागते. २२ जुलै २०२१ च्या वाशिष्ठीच्या पुरात शहरातील असंख्य घरांतली उपकरणे पाण्याखाली गेली होती, आणि गाळाचे पाणी शिरलेल्या यंत्राचा भरवसा ते वरून कितीही स्वच्छ दिसले तरी धरता येत नाही. म्हणून विजेरी घेऊन तळपत्र्याचे कोपरे, मोटरची खालची बाजू आणि स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. गाळाची रेघ कुठेही नाही. यंत्र दुसऱ्या मजल्यावर होते, या सांगण्याला त्यामुळे दुजोरा मिळाला.

बाहेरचीच हवा ओली असताना ती हवा आत घेऊन यंत्र कपडे कसे वाळवणार, असा रास्त प्रश्न घरात निघाला. त्याचे उत्तर आकड्यांत पाहिले की समाधान होते. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. पावसाळ्यात ९५ टक्के आर्द्रता असते म्हणजे त्यांतले जवळजवळ सगळे आधीच भरलेले असते, आणि दोरीवरच्या कपड्याने पाणी द्यायचे म्हटले तरी घ्यायला जागा नसते. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली की प्रत्येक घनमीटरची क्षमता १३० ग्रॅमपर्यंत जाते आणि त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता १७ टक्क्यांच्या जवळ उतरते. उपड्या टोपलीखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून वर दुपटी पसरण्याच्या जुन्या रीतीत हेच तत्त्व होते. ड्रायर त्यात दोन गोष्टींची भर घालतो : तो कपडे सतत खालीवर करतो, आणि पाणी घेऊन जड झालेली हवा खेचून घराबाहेर टाकतो. त्यातही ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण हवा वाहती नसेल तर हीटरची उष्णता कपड्यांपर्यंत न पोहोचता हीटरपाशीच साठत राहते.

१ जून, रविवार

प्लग भिंतीत न घालता सगळ्या तपासण्या केल्या. प्लगच्या अर्थच्या पिनेपासून यंत्राच्या पत्र्यापर्यंतचा रोध ०.२ ओहम, म्हणजे अर्थची तार शाबूत आहे. त्यानंतर फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोडून, दार बंद व टायमर चालू स्थितीत ठेवून, ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे वीज कितपत अडते हे मोजणाऱ्या उपकरणाने, त्या पिना आणि पत्रा यांच्यातील इन्सुलेशन मोजले. ते केवळ ०.४ मेगाओहम भरले. एक मेगाओहमच्या खालचे यंत्र मी सुरू करीत नाही; ज्या घरात ओल्या हातांनी कपडे काढले-घातले जाणार आहेत तिथे तर मुळीच नाही.

मागचे झाकण उघडल्यावर प्रत्येक जोडणीचे छायाचित्र घेतले, तारांना कागदी चिठ्ठ्या लावल्या आणि हीटरच्या दोन्ही तारा काढून पुन्हा मोजणी केली. हीटर वगळता बाकीच्या सर्व भागांचे इन्सुलेशन १०० मेगाओहमच्या वर आहे, म्हणजे गळती हीटरमध्येच आहे. मात्र त्याच हीटरच्या दोन टोकांमधील रोध २५.९ ओहम आला. २३० व्होल्टच्या वर्गाला २००० ने भागले तर २६.४५ येतात, आणि थंड कॉइलचा रोध तापलेल्या कॉइलपेक्षा किंचित कमीच असतो. कॉइल तुटलेली नाही. ‘कॉइल गेली’ हे निदान इथेच बाद झाले.

तुटलेला होता तो हीटरच्या पेटीला लागून बसवलेला थर्मल फ्यूज. मल्टिमीटरवर त्याची दोन टोके पूर्ण खुली दाखवतात. हा फ्यूज विद्युतप्रवाहाने उडत नाही, तापमानाने उडतो, आणि एकदा उडाला की पुन्हा जुळत नाही. बाजारात त्याची किंमत नगण्य असल्यामुळे तो बदलून किंवा, त्याहून वाईट म्हणजे, दोन तारा थेट जोडून यंत्र परत देण्याची पद्धत सर्रास आढळते. मला हे पटत नाही. या यंत्रात कपड्यांचे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट आहे, त्याच्या पाठीशी हीटरजवळ जास्त तापमानाला तोडणारा दुसरा थर्मोस्टॅट आहे, आणि हे दोन्ही असूनही पेटी इतकी तापली की शेवटचा पहारेकरी कामी आला. फ्यूज उडणे हा आजार नसून आजाराचे लक्षण आहे, आणि पेटी का तापली हे कळेपर्यंत नवा फ्यूज बसवायचा नाही, असे ठरवून काम पुढे नेतो.

४ जून, बुधवार

आजचा सगळा वेळ हवेचा मार्ग उघडण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला.

या रचनेत हवा मागच्या जाळीतून आत येते, हीटरच्या पेटीतून जाऊन तापते, ड्रमच्या मागच्या भोकांतून कपड्यांत शिरते, दाराखालच्या जाळीच्या फिल्टरमधून गाळली जाते, तिथून पंख्यात येते आणि शेवटी नळीतून बाहेर पडते. पंखा साखळीच्या शेवटी आहे, म्हणजे तो हवा ढकलत नाही, ओढतो. ही बाब दिसायला साधी असली तरी सगळ्या निदानाची किल्ली तीच आहे. ओढणाऱ्या पंख्याला ज्या फटीतून सहज मिळेल तिथून तो हवा घेतो. ड्रम आणि मागची भिंत यांच्यामधला नमदा (फट बुजवणारी जाड पट्टी) झिजला असेल तर खोलीतली थंड हवा त्या फटीतून थेट ड्रममध्ये येते आणि हीटरवरून जाणारी हवा तेवढीच कमी होते. मग कपडे कोमटच राहतात आणि हीटर मात्र धोक्याच्या मर्यादेपर्यंत तापतो. ही दोन लक्षणे एकत्र दिसली की माणूस गोंधळतो आणि हीटरला दोष देतो.

मागचा नमदा काढून पाहिला. एका बाजूला तो ८ मिलिमीटर जाड आहे आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ पत्र्याला टेकला आहे. फिल्टरची जाळी वरून स्वच्छ दिसत होती, पण नळाखाली धरल्यावर पाणी तिच्यावर तसेच साचून राहिले. कपडे मऊ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवाचा पातळ थर जाळीच्या छिद्रांवर बसतो आणि तो नुसत्या झटकण्याने जात नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश यांनी घासल्यावर पाणी सरसर खाली गेले.

पंख्याचे घर उघडले तेव्हा पाती दिसतच नव्हती. कपड्यांतून सुटणारे तंतू, म्हणजे लिंट, पात्यांच्या खाचांत दाबून बसले होते आणि नळीच्या तोंडाशी त्यांचा दाट गोळा झाला होता. हीटरच्या पेटीच्या तळाशीही लिंट होती आणि तिच्या कडा तपकिरी पडल्या होत्या. सगळी गोळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर १८० ग्रॅम भरली. सुकी सुती लिंट ठिणगीसरशी पेटते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळासाठी दिलेल्या अंदाजानुसार तिथल्या घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत होत्या, आणि त्यांच्या कारणांत यंत्र वेळेवर स्वच्छ न करणे हे पहिल्या क्रमांकावर, ३४ टक्क्यांवर होते. तपकिरी पडलेली ती लिंट हातात घेतल्यावर या आकड्याचा अर्थ नीट समजतो.

७ जून, शनिवार

पंखा मोकळा झाला, तरी गुणगुणण्याचा उलगडा बाकी होता. मोटर एकफेजी असून तिला कायम जोडलेला कपॅसिटर आहे. दोन्ही गुंडाळ्यांचा रोध सारखा आहे आणि दांडा हाताने फिरवला असता निर्वेध फिरतो, त्यामुळे बेअरिंगबद्दल शंका उरली नाही. कपॅसिटरची टोके १० किलोओहमच्या, पाच वॉटच्या रोधकातून आधी रिकामी केली. ही काळजी यंत्र कितीही दिवस बंद असले तरी घ्यावी, आणि टोके पेचकसाने थेट जोडून ठिणगी पाडण्याची सवय सोडावी. अंगावर ८ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट असे छापलेले असून प्रत्यक्ष मोजणी ४.७ आली.

एकफेजी मोटरच्या दुसऱ्या गुंडाळीतला प्रवाह पहिल्याच्या पुढे सरकवणे हे कपॅसिटरचे काम असते. त्या सरकण्यातूनच सुरुवातीचा पीळ निर्माण होतो. क्षमता निम्म्यावर आल्यावर रिकामा ड्रम कदाचित फिरेल, पण ओल्या चादरींचे वजन आणि लिंटने भरलेला पंखा एकाच वेळी ओढायचा म्हटला की मोटर जागच्या जागी गुणगुणते.

इथे साखळी पूर्ण होते. या यंत्रात ड्रम पट्ट्याने आणि पंखा थेट दांड्याने, असे दोन्ही एकाच मोटरवर चालतात, पण हीटरला वीज टायमरकडून मिळते; मोटर फिरते आहे की नाही हे तपासणारा स्विच मधे नाही. मोटर अडली की हवा थांबते आणि हीटर चालूच राहतो. हीटरजवळचा थर्मोस्टॅट तोडतो, थंड झाल्यावर जोडतो, पुन्हा तोडतो, आणि साचलेली लिंट तापत राहते. अशा चढउतारांत कधीतरी तापमान थर्मल फ्यूजच्या मर्यादेपलीकडे जाते. नुसता फ्यूज बदलला असता तर नवा फ्यूजही त्याच वाटेने गेला असता, किंवा तारा थेट जोडल्या असत्या तर पुढे जायला फ्यूजही उरला नसता.

८ मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर गावातच मिळाला, कारण कूलर आणि लहान पंपांनाही तो लागतो. बदलताना क्षमता तीच ठेवावी. व्होल्टचा आकडा तेवढा किंवा जास्त चालतो, कमी चालत नाही.

११ जून, बुधवार

ड्रमचा पट्टा चकाकू लागला आहे आणि आतल्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत. त्यावर १९०४ एच ७ असे पुसट वाचता आले : लांबी १९०४ मिलिमीटर, खाचांचा प्रकार एच, संख्या सात. हा आकडा दिला की यंत्राची कंपनी सांगावीच लागत नाही. पट्टा मुंबईहून मागवला. नमदा आणि थर्मोस्टॅट पुण्यातल्या तपकीर गल्लीतून भाच्याने आणून दिले.

थर्मल फ्यूज निवडताना त्याच्या अंगावरचे तापमान आणि अँपिअर दोन्ही जुळवले. हीटर ८.७ अँपिअर घेतो, म्हणून १० अँपिअरपेक्षा कमी चालणार नाही, आणि तापमान मूळ आकड्यापेक्षा एक पायरीही वर नको. त्याची टोके डाख लावून जोडायची नाहीत, कारण डागणीच्या उष्णतेनेच तो उडू शकतो. दाबून बसवायचे लग (तारेच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) आणि वर फायबरग्लासची नळी हीच योग्य पद्धत आहे.

कपड्यांचे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, थर्मामीटरसह पाण्याच्या पातेल्यात सोडला आणि पाणी हळूहळू तापवले. तो ६४ अंशांना उघडला आणि पाणी निवताना ५५ अंशांना जुळला. उत्तम आहे, तोच ठेवला. हीटरजवळच्या थर्मोस्टॅटची मर्यादा उकळत्या पाण्याच्या वर असल्याने त्याची अशी परीक्षा घेता येत नाही. त्याने बराच मार सोसला असणार, म्हणून तो नवा बसवला.

१५ जून, रविवार

आता हीटरची गळती. नळीसारख्या हीटरमध्ये तार आणि बाहेरचे आवरण यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड उष्णता चांगली पोहोचवते आणि वीज अडवते, पण हवेतला ओलावा शोषून घेते. यंत्र कोकणातल्या दमट हवेत न वापरता पडून राहिले की टोकांच्या मोकळ्या कडांतून ओलावा आत जातो आणि इन्सुलेशन उतरते. असा हीटर टाकून देण्याची घाई करू नये.

हीटर ओव्हनमध्ये १२० अंशांवर चार तास ठेवला आणि बंद डब्यात निववला. गरम असतानाची मोजणी ग्राह्य धरता येत नाही, म्हणून पूर्ण थंड झाल्यावर मेगर लावला. काटा २० मेगाओहमच्या पुढे गेला.

नमदा उष्णता सहन करणाऱ्या सिलिकॉनने चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवला आहे. जोड शिवणीसारखा तिरका कापला, कारण सरळ जोडाची कड ड्रमच्या फिरण्याने उचलली जाते.

१९ जून, गुरुवार

सगळी जुळणी करून संपूर्ण यंत्राचे इन्सुलेशन पुन्हा मोजले आणि समाधान झाल्यावरच प्लग घातला. त्यासाठी स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह झाल्यास वीज तोडणारा स्विच) असलेला १६ अँपिअरचा सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास पुरवठा तोडणारा स्विच) आहे. एक्स्टेन्शन बोर्ड या यंत्राला कधीही लावायचा नाही.

मोटर क्षणात फिरली. फक्त मोटर चालू असताना ०.९ अँपिअर, हीटरसह ९.३ अँपिअर. ड्रम रिकामा असताना नळीच्या तोंडाशी तापमान ६० च्या थोडे वर जाऊन थर्मोस्टॅट नेमाने तोडत-जोडत राहिला, आणि हीटरजवळच्या नव्या थर्मोस्टॅटने अर्ध्या तासात एकदाही हस्तक्षेप केला नाही. याचाच अर्थ हवा जिथून जायला हवी तिथूनच जात आहे. आरसीसीबीही शांत राहिला.

संध्याकाळी घरातला विजेचा दाब २१२ व्होल्टपर्यंत उतरतो. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे २००० वॉटचा हीटर त्या वेळी १७०० वॉटच देतो. मोटरचा सुरुवातीचा पीळही त्याच प्रमाणात घटतो. जुना कपॅसिटर असताना संध्याकाळीच यंत्र अडत असावे, हा माझा तर्क आहे. यापुढे ड्रायर दुपारी चालवायचा.

२२ जून, रविवार

नळीची जागा ठरवायला वेळ लागला. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो आणि त्या बाजूच्या भोकातून पाऊस सरळ आत शिरला असता, म्हणून ईशान्येच्या खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवला आणि त्यातून १०० मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची नळी बाहेर काढली. लांबी दीड मीटरच्या आत, वळण एकच, तोंडाला हवेने उघडणारी झडप. प्लॅस्टिकची नळी स्वस्त मिळत होती. ती पेटते म्हणून घेतली नाही. दारही थोडे उघडे ठेवावे लागते, कारण यंत्र जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी खोलीत कुठूनतरी आली पाहिजे.

आज वजन करून पहिली खरी परीक्षा घेतली. सुके असताना ३.१ किलो भरणारे सुती कपडे पिळणी यंत्रातून काढल्यावर ५ किलो होते. सव्वा तासाने ते पुन्हा ३.१ किलो झाले. मीटरवर २.२ युनिट खर्च झाले. १.९ किलो पाण्याची वाफ करायला तत्त्वतः १.२७ युनिट पुरतात; उरलेले ड्रम तापवण्यात, मोटरमध्ये आणि बाहेर जाणाऱ्या गरम हवेत जातात, आणि या प्रकारच्या यंत्रात हे प्रमाण मला समाधानकारक वाटते. दुपट्यांच्या शिवणी पूर्ण कोरड्या होत्या, हे सौ.ने प्रत्येक शिवण बोटांनी दाबून पाहिले आणि लेकीने कपाट रिकामे करून घेतले.

तशाच कपड्यांची दुसरी खेप पिळणी यंत्रात तीन मिनिटे जास्त फिरवली तर २०० ग्रॅम पाणी आधीच निघून गेले. तेवढे पाणी ड्रायरने घालवायला पाव युनिटच्या जवळ वीज लागते. पिळणी यंत्राला त्याच्या विसाव्या हिश्शाचीही गरज पडली नाही. पाणी जितके पिळून जाईल तितके तापवून घालवू नये, हा नियम आजपासून पक्का.

२८ जून, शनिवार

बाळाच्या मालिशीची फडकी आणि तेल मुरलेली दुपटी ड्रायरमध्ये घालायची की नाही, याचा निर्णय घ्यावा लागला. सुती कापडात राहिलेले तिळाचे किंवा शेंगदाण्याचे तेल उष्णतेत हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावते, त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते, आणि गरम कपड्यांचा ढीग तसाच ठेवला तर ती बाहेर पडू न शकल्याने ढीग आपोआप पेटू शकतो. खोबरेल तेलात हा धोका कमी असतो, पण एकाच बादलीत सगळी फडकी जातात तेव्हा असा भेद करण्यात अर्थ नाही. म्हणून मालिशीची फडकी गरम पाणी आणि साबणाने धुऊन दोरीवरच वाळतील. बाकीच्या कपड्यांसाठीही शेवटची दहा मिनिटे हीटर बंद, फक्त थंड हवा, आणि यंत्र थांबताच कपडे काढून पसरायचे.

रोजच्या शर्ट-साड्यांसाठी ड्रायर नाहीच. दुपटी, टॉवेल, चादरी आणि जीन्स एवढेच त्याचे काम.

६ जुलै, रविवार

आषाढीच्या सकाळी उपवासाची तयारी सुरू होण्याआधी पुन्हा तपासणी उरकली. इन्सुलेशन १५ मेगाओहमच्या वर टिकून आहे. एक दिवसाआड तापत असल्यामुळे हीटरमध्ये ओलावा साचायला वाव मिळत नाही. पंख्याच्या घरात बोट फिरवल्यावर केवळ पुसट तंतू लागले. फिल्टर प्रत्येक वेळी झटकला जातो आणि दर रविवारी धुतला जातो. नव्या पट्ट्याचा ताण थोडा सैल पडला होता, तो ताणचाकाची स्प्रिंग एक खाच पुढे घेऊन सावरला.

शिल्लक कामे दोन. दाराच्या बाजूचा पुढचा नमदा अजून जुनाच आहे. तो ५ मिलिमीटरपर्यंत झिजला असून पुढच्या पार्सलमध्ये येईल. आणि मोटर थांबल्यास हीटर तोडणारा स्विच मूळ रचनेत नाही, त्यासाठी पंख्याच्या झोताने दाबला जाणारा छोटा मायक्रोस्विच नळीच्या तोंडाशी बसवून त्यातून रिलेमार्फत (छोट्या प्रवाहाने चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्फत) हीटरची वीज नेण्याचा आराखडा काढून ठेवला आहे. रिले २५ अँपिअरचा घ्यावा लागेल.